बीज काढलं की वासरू झालं?

गोठ्यावरच्या गप्पांत आयव्हीएफ फार झटपट उरकतं. गीर गायीची बीजं काढली, वीर्याशी गाठ घातली, आठवड्यात भ्रूण तयार! यातला एक अख्खा दिवस सगळे विसरतात. अल्ट्रासाउंडच्या पडद्यावर पाहत, सुईने अंडाशयातल्या पुटिकांमधून ओढून घेतलेलं बीज बहुधा कच्चंच असतं. त्याच्या केंद्रकाचं विभाजन अर्ध्यावर थांबलेलं असतं. सुमारे 38.5 अंश तापमान, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड आणि संप्रेरकं घातलेलं माध्यम अशा बडदास्तीत ते 22 ते 24 तास राहतं. तेवढ्यात भोवतालचं पेशींचं आवरण फुगून सैल होतं, गुणसूत्रांचा निम्मा संच बाहेर पडतो आणि बीज शुक्राणूसाठी पुन्हा थांबतं. केंद्रक पिकलं, पण पेशीद्रव कच्चाच राहिला, तर फलन होऊनही भ्रूणाची वाढ पुढे अडते. प्रयोगशाळेची कसोटी मला तरी इथेच दिसते. 1981 साली पेनसिल्व्हेनियात जन्मलेल्या ‘व्हर्जिल’ या पहिल्या आयव्हीएफ वासराचं बीजसुद्धा गायीच्या शरीरातच पिकलेलं होतं. प्रयोगशाळेत बीज पिकवून वासरू मिळवणं नंतर जमलं.

शुक्राणू सुईने टोचावा लागतो, हा समज माणसांच्या दवाखान्यांतून आलेला. गायीत सहसा गरज पडत नाही. कांडीतलं वीर्य धुऊन जोमदार शुक्राणू निवडतात, हेपरिनने त्यांना फलनक्षम करतात आणि बीजांसोबत माध्यमाच्या थेंबात सोडतात. आत कोण शिरणार, ते त्यांचं ते ठरवतात.

आता हिशेब. 20 बीजं पिकायला ठेवली, तर सातव्या दिवशी साधारण सहा-सात चांगले भ्रूण हाती येतात. दहा रोपणांत चारेक गायी गाभण राहिल्या, तरी काम चांगलं म्हणायचं. म्हणजे 20 बीजांमागे वासरं दोन-तीन. राष्ट्रीय गोकुळ मिशनचं 5000 रुपयांचं अनुदानही खात्रीच्या गर्भधारणेमागे आहे, ते उगाच नाही.

दाता गायीची बीजं संपतात, ही भीती व्यर्थ आहे. दर माजचक्रात अनेक पुटिका वाढतात, बहुधा एकच फुटते, बाकीच्या विरून जातात. विरून जाणारी बीजंच आपण वाचवतो.

संकरित गायीच्या कुशीत वाढलं म्हणून गीरचं वासरू संकरित होत नाही. तिच्याकडून पोषण आणि चिकातली प्रतिकारशक्ती मिळते, जात नाही. हे क्लोनिंगही नव्हे. कर्नालला 1990 मध्ये जन्मलेलं म्हशीचं ‘प्रथम’ हे पारडू आयव्हीएफचं, तर 2009 ची ‘गरिमा’ क्लोन होती.

वासरू अवाजवी मोठं होऊन वेत अडतं, या भीतीत मात्र तथ्य आहे. माध्यमात रक्तजल (सीरम) वापरलं की असा धोका वाढतो, म्हणून बऱ्याच प्रयोगशाळा ते टाळतात. तरी रोपणासाठी थोराड हाडापेराची, निरोगी गाय निवडावी. तिचा माजही जुळायला हवा. भ्रूण सात दिवसांचा, तर तिच्या माजालाही सातच दिवस झालेले हवेत. एखादा दिवस इकडेतिकडे चालतो, तीन चालत नाहीत.