दोन व्यासपीठं, एकच शाहीर

शाहीर विठ्ठल उमप नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर, भर कार्यक्रमात कोसळले आणि गेले. त्यानंतर आम्हा चाहत्यांनी त्यांच्या आठवणींची सरळ वाटणी करून टाकली. भीमजयंतीला आठवतात ते भीमशाहीर, आणि लोककला महोत्सवात आठवतात ते गोंधळातलं ‘जांभूळ आख्यान’ रंगवणारे लोकशाहीर. ही वाटणी सोयीची असली तरी खरी नाही. त्यांच्या गोंधळात जी धार होती, ती जलशाच्या संस्कारातूनच आली होती, असं मला वाटतं.

१९३१ मध्ये मुंबईच्या नायगावात जन्मलेल्या उमपांच्या लहानपणी आंबेडकरी जलसे ऐन भरात होते. या जलशांनी, आणि त्याआधी सत्यशोधक जलशांनी, तमाशाचा साचा टाकून दिला नाही. त्यांनी गण-गवळणीतला आशय बदलला, बतावणीत सावकार आणि भट उभे केले, आणि लोकांच्या ओळखीच्या चालीवर लोकांना नको असलेले प्रश्न विचारले. ‘जांभूळ आख्यान’ याच रीतीनं पाहावं. पाच पतींची द्रौपदी कर्णावर भाळते. कृष्ण सगळ्यांना वनात नेतो आणि तुटलेलं जांभूळ पुन्हा देठाला लागावं म्हणून एकेकाला मनातलं खरं बोलायला लावतो. अखेर द्रौपदीच्या कबुलीनं ते फळ जागेवर जातं. पतिव्रतेच्या मनात परपुरुष आहे, हे कथा सांगते. पण त्याबद्दल तिला शिक्षा देत नाही. संबळ-तुणतुण्याच्या साथीनं उमप ही द्रौपदी स्वतः उभी करत. तिचा लाजरा आवेग पुरुषाच्या देहातून येई, तरी त्याची टवाळी होत नसे.

यावर कुणी म्हणेल, आख्यान तर पूर्वापार चालत आलेलं; त्यात उमपांचं काय? संहिता परंपरेची आहे, हे मान्यच. पण गोंधळाच्या उत्तररंगात कोणतं आख्यान लावायचं आणि कोणत्या पात्राच्या बाजूनं उभं राहायचं, हे गोंधळी ठरवतो. याच कथेतून बाईच्या चंचलपणाचा धडाही काढता आला असता. उमपांनी तो काढला नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. १९५६ च्या धर्मांतरात बावीस प्रतिज्ञांनी देवदेवतांची पूजा नाकारली. मग बौद्ध शाहिरानं देवीच्या गोंधळाला हात का घालावा? हा प्रश्न आडमुठेपणाचा नाही. ज्यांना पोतराजपण आणि देवदासीपण भोगावं लागलं, त्यांना आवाहनाचे स्वर निव्वळ कला म्हणून ऐकू येणार नाहीत. तरीही गोंधळ, भारूड, पोवाडा ही ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गाऊन जगवली त्यांचीच मिळकत आहे. ती देवळाच्या नावावर करून मोकळं होणं म्हणजे आपला वाटा सोडून देणं. उमपांनी तो सोडला नाही, आणि तो जपताना भीमगीतांचा आवाजही खाली आणला नाही.

म्हणून त्यांच्या स्मृतीचे कार्यक्रम करणाऱ्यांनी निदान एकदा तरी दोन्ही उमप एकाच रात्री, एकाच व्यासपीठावर ऐकवावेत. भीमगीतांच्या श्रोत्याला द्रौपदी परकी वाटणार नाही, आणि आख्यानाच्या रसिकाला तिची बाजू घेणारा माणूस कुठल्या शाळेत घडला, ते कळेल.