पाणी परत केले, पण कोणाच्या विहिरीत?

मोठ्या खाद्यपेय कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत पूर्वी नफ्यातोट्याची पाने तेवढी असत. आता पर्यावरणाचीही असतात. किती झाडे लावली, किती प्लॅस्टिक गोळा केले, किती पाणी निसर्गाला परत दिले, याची आकडेवारी त्यांत असते. ती खोटी असते असे मी म्हणणार नाही. मात्र ती वाचताना मला प्लाचीमडा आठवते.

केरळच्या पलक्कड जिल्ह्यातले, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले हे खेडे. तेथे २००० साली कोका-कोलाचा बाटलीबंद पेयांचा कारखाना सुरू झाला. थोड्याच काळात आसपासच्या आदिवासी वस्त्यांतून तक्रारी येऊ लागल्या. विहिरींची पातळी खालावली; उरलेले पाणी इतके जड की त्यात भात शिजेना. बायकांना हंडे घेऊन लांबवर पायपीट करावी लागू लागली. २२ एप्रिल २००२ रोजी कारखान्याच्या दारात धरणे सुरू झाले. मायिलम्मा ही शाळेचे तोंडही न पाहिलेली आदिवासी स्त्री त्यात अग्रभागी होती. कारखान्यातला गाळ शेतकऱ्यांना खत म्हणून दिला जात होता. त्यात शिसे आणि कॅडमियम असल्याचे २००३ साली बीबीसीने उघड केले. पाणी आटले ते पाऊस कमी पडल्यामुळे, असे कंपनीचे म्हणणे होते.

पेरुमाट्टी ग्रामपंचायतीने परवान्याचे नूतनीकरण नाकारले. भूजल ही जनतेची ठेव असून सरकार तिचे केवळ विश्वस्त आहे, असे उच्च न्यायालयाच्या एक-सदस्य पीठाने डिसेंबर २००३ मध्ये म्हटले. २००५ साली खंडपीठाने मात्र दिवसाला पाच लाख लिटर उपशाची मुभा दिली. पण मार्च २००४ मध्ये बंद पडलेला कारखाना पुढे चालला नाही. २०१० साली राज्य सरकारच्या समितीने नुकसान २१६ कोटी रुपयांचे ठरवले. भरपाईसाठी लवाद नेमण्याचे विधेयक २०११ साली विधानसभेत संमत झाले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही.

आता दुसरी बाजू पाहा. पेयांत जेवढे पाणी जाते तेवढे निसर्गाला परत देण्याचा संकल्प याच कंपनीने २००७ साली सोडला. २०२० ची मुदत असताना २०१५ मध्येच तो जगभरच्या बेरजेने पूर्ण झाल्याचे तिने जाहीर केले. गोम आहे ती या बेरजेत. पाणी हे काही बँकेतले पैसे नव्हेत, की एका शाखेत भरावे आणि दुसऱ्या शाखेतून काढावे. एका खोऱ्यात मुरवलेले पाणी दुसऱ्या खोऱ्यातल्या विहिरीत उतरत नाही.

शिवाय मोजले ते बाटलीतले पाणी, साखरेतले नाही. कंपनीच्याच सहभागाने २०१० साली झालेल्या अभ्यासात नेदरलँड्समधल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीमागे सुमारे ३५ लिटर पाणी लागते असे दिसले, आणि त्यातला मोठा भाग बीटसाखरेच्या शेतीचा होता. उसासाठी धरणे रिकामी होताना पाहणाऱ्या मराठी माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की हिशेब गावनिहाय मांडा. प्रत्येक कारखान्याने किती उपसा केला, भोवतालच्या विहिरींची पातळी किती हलली आणि गाळ कुठे टाकला, हे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिले जावे आणि ग्रामसभेने ते तपासावे. ज्यांच्या जमिनीखालचे पाणी जाते, त्यांनी मान्य केलेला हिशेबच खरा.