दोन्ही पाय बिझी, दोन्ही गुडघे बिझी, मग स्टील गिटार वाजवताना इफेक्टचा पेडलबोर्ड ठेवायचा कुठं ?

गिटारवाल्यांचा स्टेजवरचा सीन आपल्याला पाठ झालाय. माणूस उभा असतो, गळ्यात गिटार असते आणि पायाशी रंगीबेरंगी डब्यांची एक पाटी असते. सोलो आला की बुटाच्या टोकाने एक डबी दाबायची, आवाज फाटका होतो. दुसरी दाबली की आवाज घुमायला लागतो. या पाटीलाच म्हणतात पेडलबोर्ड. तो कुठं ठेवायचा हा प्रश्नच येत नाही, पायासमोर ठेवायचा. विषय संपला.

पण स्टील गिटार वाजवणाऱ्याचा विषय इथंच सुरू होतो. कारण तो बसलेला असतो, आणि इफेक्टची डबी दाबायला त्याच्याकडे रिकामा पाय शिल्लकच नसतो.

आता हे नेमकं कसं, ते बघूया.

आधी स्टील गिटार म्हणजे काय ?

स्टील गिटार म्हणजे स्टीलची बनवलेली गिटार नाही. गिटार आडवी ठेवायची आणि डाव्या हातात धातूचा गुळगुळीत दांडू धरून तो तारांवरून सरकवायचा, या पद्धतीला हे नाव पडलं. ही पद्धत हवाई बेटांवरची. १९ व्या शतकाच्या शेवटी जोसेफ केकुकू या हवाईयन पोराने ती रूढ केली असं मानलं जातं.

आपल्याकडे याच वाद्याला हवाईयन गिटार म्हणतात. मुंबईत व्हॅन शिप्ले आणि कोलकात्यात सुनील गांगुली यांनी हिंदी सिनेमाच्या गाण्यांच्या धुना इलेक्ट्रिक हवाईयन गिटारवर वाजवून रेकॉर्ड काढल्या. जुन्या घरांत त्या रेकॉर्ड आजही सापडतात.

अमेरिकेत हे वाद्य पुढं वेगळ्याच रस्त्याने गेलं. गिटारला चार पाय लागले, खाली पेडल लागले, गुडघ्यांजवळ दांडे लागले. पेडल दाबलं की ठराविक तारांचा सूर वर जातो. वेब पियर्सचं 'स्लोली' हे गाणं १९५४ साली गाजलं, त्यात बड आयझॅक्सने सूर वाजत असतानाच पेडल दाबून तो वर नेला. तो रडवा, वळणारा आवाज लोकांना इतका आवडला की नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिकची ती ओळखच झाली. हीच पेडल स्टील गिटार.

म्हणजे इथं पेडल तीन प्रकारचे झाले. गिटारचे स्वतःचे पेडल, आवाज कमी-जास्त करायचं व्हॉल्यूम पेडल आणि इफेक्टच्या डब्या. घोळ होऊ नये म्हणून तिसऱ्या प्रकाराला आपण डबीच म्हणूया.

चारही अवयव अडकलेत ते असे

नॅशव्हिलमध्ये सगळ्यात जास्त चालणारा प्रकार म्हणजे ई-नाईन ट्यूनिंगची १० तारांची गिटार. तिला साधारण ३ पेडल आणि ४ ते ५ गुडघ्याचे दांडे असतात.

डावा पाय या ३ पेडलवर असतो. बऱ्याचदा एकच पाऊल दोन पेडलवर तिरपं ठेवून दोन्ही एकदम दाबावे लागतात. डाव्या गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना दांडे असतात, बऱ्याच गिटारांना वरच्या बाजूलाही एक असतो. उजव्या गुडघ्याच्या दोन्ही बाजूंनाही दांडे असतात.

राहिला उजवा पाय. तो व्हॉल्यूम पेडलवर असतो, आणि तो तिथं आराम करत नसतो. तार छेडली की तिचा आवाज हळूहळू मरतो. तो मरायला लागला की वाजवणारा व्हॉल्यूम पेडल थोडं थोडं पुढं दाबत जातो, म्हणून सूर लांबच लांब टिकल्यासारखा वाटतो. उजवा पाय तिथून उचलला की ही जादू तिथंच थांबते.

मग चुकीच्या जागी ठेवलं तर काय बिघडतं ?

सगळ्यात आधी सूर बिघडतो. उजवीकडे लांब ठेवलेली डबी दाबायला पाय बाजूला नेला की गुडघाही बाजूला जातो. गुडघ्याच्या उजवीकडे दांडा असतो. त्याला धक्का लागला की एखाद्या तारेचा सूर उतरतो किंवा चढतो. डाव्या पायाचंही तेच. म्हणजे दाबायला गेलो डबी आणि बदलला सूर.

दुसरी गोष्ट, या गिटारवर बोटाला अडवणाऱ्या पट्ट्या नसतात, फक्त खुणा असतात. दांडू नेमका खुणेवर हवा. ६१ सेंटीमीटर लांबीच्या तारेचं गणित केलं तर १२ व्या खुणेजवळ एका स्वराची जागा साधारण १८ मिलीमीटरची असते. दांडू २-३ मिलीमीटर सरकला तरी कानाला खटकतं. पायाने चाचपडताना कंबर वळते, खांदा वळतो आणि हात हलतो. तेवढं पुरेसं असतं.

तिसरी गोष्ट कंबरेची. दोन-तीन तासांच्या कार्यक्रमात दर गाण्याला वाकून जमिनीवरची बटणं फिरवली तर दुसऱ्या दिवशी पाठ त्याचा हिशोब मागते.

जागा शोधण्याआधी डब्यांची वाटणी करा

खरी गंमत इथं आहे. सगळ्या डब्या एकाच पाटीवर हव्यात हा नियम उभ्या गिटारवाल्यांचा आहे. स्टील गिटारवाल्याने आधी तीन ढीग करायचे.

पहिला ढीग, गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत चालूच राहणाऱ्या डब्या. उदाहरणार्थ रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला मोठ्या हॉलसारखा घुमारा देणारी डबी.

दुसरा ढीग, दोन गाण्यांच्या मध्ये बदलायच्या डब्या. उदाहरणार्थ डिले, म्हणजे प्रतिध्वनी. संथ गाण्याला त्याचा वेग वेगळा लागतो, पळत्या गाण्याला वेगळा.

तिसरा ढीग, गाण्याच्या मध्येच चालू-बंद करायच्या डब्या. उदाहरणार्थ सोलोपुरता आवाज फाडणारी ओव्हरड्राईव्ह.

वाटणी केली की लक्षात येतं, पायाजवळची जागा फक्त तिसऱ्या ढिगाला हवी. त्यात सहसा एक किंवा दोनच डब्या निघतात.

आता जागा

*१) व्हॉल्यूम पेडलला चिकटून उजवीकडे.* तिसऱ्या ढिगातल्या डबीसाठी ही जागा बरी. टाच जमिनीवर टेकलेली ठेवून फक्त पंजा वळवला की बटण लागलं पाहिजे, गुडघा जागचा हलता कामा नये. डबीची उंची व्हॉल्यूम पेडलएवढी करून घ्या, खाली लाकडाचा तुकडा लावला तरी चालतो. दोनपेक्षा जास्त डब्या इथं मांडू नका.

*२) उजव्या हाताशी, स्टँडवर.* दुसऱ्या ढिगासाठी सगळ्यात सोयीची जागा. कीबोर्डचा छोटा स्टँड किंवा माईकच्या स्टँडवर बसणारा ट्रे घ्यायचा, आणि पाटी गिटारच्या उंचीला, उजव्या बाजूला लावायची. उजवाच हात का ? कारण डाव्या हातात दांडू असतो. तो उचलला की सूर गेला. उजवा हात मात्र तार छेडून झाली की क्षणभर मोकळा असतो. बोटांत नख्या घातलेल्या असतात, म्हणून बारीक बटणं फिरवणं अवघड जातं, पण तळहाताच्या कडेने मोठं बटण आरामात दाबता येतं. शिवाय बटणांवरचे आकडे डोळ्यासमोर येतात, वाकावं लागत नाही.

*३) ॲम्प्लिफायरवर किंवा गिटारच्या पुढच्या बाजूला जमिनीवर.* पहिल्या ढिगाला इथं पाठवा. एकदा चालू केलं की विसरायचं. फक्त एक काळजी घ्या, गिटारखाली पेडलपासून वर जाणारे बारीक दांडे असतात. वायर त्यांत अडकली तर पेडल नीट दाबलंच जात नाही.

*४) डावीकडे, डाव्या पायाच्या बाहेर.* ही जागा रिकामी दिसते म्हणून मोह होतो. पण डावा पाय पेडलवरून उचलला की ओढून धरलेल्या तारा मूळ सुरावर परत येतात. दोन गाण्यांच्या मध्ये ठीक आहे, सूर चालू असताना नाही.

ज्यांच्याकडे पैसे आहेत ते आणखी एक मार्ग काढतात. डब्या सगळ्या मागे, आणि पायाजवळ त्यांना हुकूम सोडणारा छोटा स्विच फक्त.

मांडीवरची गिटार असेल तर ?

आपल्याकडे बहुतेकांकडे असते ती हीच. तिला पेडल नाहीत, गुडघ्याचे दांडे नाहीत, म्हणजे पाय मोकळे. मग पाटी पायासमोर ठेवायला काय हरकत आहे ?

हरकत अशी की गिटार मांडीवर आहे. डबी दाबायला पाय उचलला की मांडी उचलली जाते आणि मांडीबरोबर गिटार तिरकी होते. दांडू तिथंच, तारा हलल्या, सूर गेला. उपाय दोन आहेत. एक तर गिटार स्टँडवर घ्या, मग पाय खरोखर मोकळे होतात. नाहीतर पाटी इतकी जवळ आणि बुटकी ठेवा की टाच न उचलता नुसत्या पंजाने बटण दाबता येईल.

जागा बदलली की वायर वाढते

डब्या तीन ठिकाणी वाटल्या म्हणजे वायर लांबली. गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल नाजूक असतो. लांब वायरमधून जाताना त्यातला वरचा, चमकदार आवाज कमी होतो. म्हणून गिटारमधून निघाल्यावर लगेच एक बफर लावतात. तो सिग्नलला बळ देतो आणि पुढची वायर लांब असली तरी आवाज मळका होत नाही.

क्रमही महत्त्वाचा आहे. साधारण चालणारा क्रम असा : गिटार, बफर, ओव्हरड्राईव्ह, व्हॉल्यूम पेडल, डिले, रिव्हर्ब आणि मग ॲम्प्लिफायर. डिले व्हॉल्यूम पेडलच्या नंतर ठेवला की पेडल मागे घेतलं तरी आधीचा प्रतिध्वनी कापला जात नाही, तो आपला आपण विरतो. ओव्हरड्राईव्ह पेडलच्या आधी ठेवली की आवाज लहान-मोठा केला तरी त्याचा फाटकेपणा तेवढाच राहतो.

आणि घरघर. पिकअप चुंबकाचा असतो. वीजपुरवठ्याचा ठोकळा त्याच्याजवळ आला की स्पीकरमधून 'हम्म' सुरू होतं. तो ठोकळा हातात धरून गिटारपासून लांब न्या, जिथं आवाज थांबेल तिथं ठेवा. मांडवात अर्थिंग नीट नसेल तरीही घरघर येते, म्हणून आधी थ्री-पिन बोर्ड तपासा. अमेरिकेतून डबी मागवली असेल तर ॲडाप्टरवर २३० व्होल्ट चालतं का ते वाचूनच पिन लावा. तिथली वीज १२० व्होल्टची असते, फक्त तेवढ्यासाठी बनवलेला ॲडाप्टर इथं जळतो.

पाच मिनिटांची टेस्ट

खर्च करण्याआधी हे करून बघा. रिकाम्या डब्या किंवा पुस्तकं त्या त्या जागी ठेवा. रोजच्या खुर्चीवर बसा, एक संथ गाणं लावा आणि खाली न बघता सोबत वाजवा. डबी 'दाबताना' मोबाईलने पायाचा व्हिडिओ घ्या. गुडघा दांड्याला लागतोय का, टाच उचलली जातेय का, खांदा वळतोय का, हे त्यात स्वच्छ दिसतं. जागा पक्की झाली की जमिनीवर खडूने खूण करून खुर्चीपासूनचं अंतर मोजा आणि लिहून ठेवा. खुर्ची बदलली की सगळं बदलतं, म्हणून तिची उंचीही लिहा.

थोडक्यात, डबी कुठं ठेवायची हे डबीवर ठरत नाही. ती दाबताना कोणता अवयव मोकळा आहे, यावर ठरतं. स्टील गिटारवाल्याचे सगळे अवयव सुरात गुंतलेले असतात, त्यामुळं जी डबी सुराला न हलवता दाबता येते, तिचीच जागा बरोबर.