लोणारचा वसंत आणि आईन-इ-अकबरींतील उल्लेख

वऱ्हाडांतील जुन्या मेहकर सरकारांत मोडणारें व हल्लीं बुलढाणा जिल्ह्यांत तालुक्याचें ठिकाण असलेलें लोणार हें गांव तेथील खाऱ्या सरोवराकरितां प्रसिद्ध आहे. सरोवराची उत्पत्ति व कांठावरील देवालयें यांवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु फाल्गुनापासून वैशाखाअखेर ह्या गांवचा व्यवहार कोणत्या गोष्टींभोंवतीं फिरत असे, याकडे जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, अबुल फज्लानें लोणारविषयीं जें लिहून ठेविलें आहे, तें चमत्कारांचें टिपण म्हणून न वाचतां गांवच्या वसंतऋतूच्या अनुरोधानें वाचावें. तसें वाचल्यास त्यांतील विसंगति बऱ्याच अंशीं दूर होते, व जुन्या दफ्तरांत काय शोधावयाचें हेंहि कळतें.

लोणार हें मोंगली अमलापूर्वींच नांवाजलेलें स्थान होतें. महानुभावांच्या लीळाचरित्रांत चक्रधरांच्या तेथील मुक्कामाचे प्रसंग आहेत, आणि गांवांतील दैत्यसूदनाचें कोरीव देऊळ त्या जुन्या वैभवाची साक्ष देतें. वऱ्हाड इ. स. १५९६ मध्यें अकबराच्या राज्यास जोडला गेला, व लागलीच आईनांत ह्या सुभ्याचें वर्णन आलें. त्यांत लोणारविषयीं मुख्यतः चार गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली, ब्राह्मण ह्या स्थानास विष्णुगया म्हणतात व तेथील सत्कृत्यानें पितरांचा उद्धार होतो. दुसरी, डोंगरांनीं वेढलेल्या सरोवराचें पाणी खारें असून मध्यभागीं व कडेस तें गोड लागतें. तिसरी, तेथें कांच व साबण यांस लागणारा माल व शोरा निघतो, आणि त्यापासून सरकारास चांगलें उत्पन्न येतें. चौथी, वरच्या बाजूस बैलाचें मुख कोरलेला झरा असून त्याचें पाणी सोमवारीं अमावास्या आली म्हणजेच मोठ्या तळ्यांत उतरतें.

प्रथम क्षाराचा विचार करूं. लोणारचें विवर काळ्या पाषाणांत पडलेलें असून त्याचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर आहे. इ. स. १८२३ मध्यें अलेक्झांडर नामक इंग्रज अधिकाऱ्यानें त्याची माहिती युरोपीय विद्वानांपुढें आणली. पुढें पुष्कळ काळ तें ज्वालामुखीचें मुख समजलें जाई. इ. स. १९७३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें तें उल्कापातानें झाल्याचें ठरलें. आपल्या विषयास महत्त्वाचें तें इतकेंच कीं, ह्या विवरांत पाणी येण्यास वाटा आहेत, पण बाहेर जाण्यास एकहि नाहीं. पावसाचें व झऱ्यांचें पाणी आंत सांठतें, उन्हानें त्याची वाफ होते, आणि विरघळलेले क्षार मागें राहतात. होळीच्या सुमारास ऊन वाढूं लागलें कीं पाणी हटतें, आणि उघड्या पडलेल्या काळ्या चिखलावर पांढरा थर धरतो. हा थर गोळा करणें हीच लोणारची दुसरी सुगी होती. वऱ्हाडांत इतरत्र रबीचें पीक खळ्यावरून घरीं येऊन शेतकरी मोकळा होई, त्याच सुमारास येथें तळ्याचें पीक तयार होऊं लागे.

ह्या मालाचे प्रकार जुन्या गॅझेटियरांत दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी व भुसकी अशा नांवांनीं दिलेले आहेत. त्यांपैकीं कांहीं नांवांचा अर्थ उघड दिसतो. पापडी म्हणजे पापुद्र्यासारखा सुटणारा थर, व भुसकी म्हणजे भुसभुशीत माल असावा. निमक दल्ला ह्या नांवांत मिठाचा अंश जास्त असल्याची खूण आहे. अर्थात् ही वर्गवारी माल हातीं घेऊन पाहणाऱ्यांनीं केलेली आहे, दफ्तरांत बसून नव्हे. साबण, कांच, रंगकाम व औषधें यांत असा क्षार लागे. चैत्रांत घरोघरीं पापड लाटले जातात, त्यांतील पापडखारहि ह्याच जातीचा होय. येथें संशोधकांनीं एक भेद ध्यानांत ठेवावा. आईनांत शोरा म्हटलें असलें तरी लोणारच्या क्षारांत सोडा व साधें मीठ हेच मुख्य आहेत. बंदुकीच्या दारूंत पडणारा शोरा निराळा. यास्तव एखाद्या कागदांत लोणारचा खार दिसला म्हणून त्याचा संबंध दारूखान्याशीं जोडण्याची घाई करूं नये.

आतां खाऱ्या-गोड्या पाण्याचा प्रश्न. विवराच्या उतारावर गोड्या पाण्याचे झरे आहेत, व कमळजादेवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर म्हणून एक स्थान दाखवितात. तिचें पाणी एका अंगास खारें व दुसऱ्या अंगास गोड, अशी समजूत आहे. पाणी चढलें म्हणजे ही विहीर बुडते आणि ओसरलें म्हणजे उघडी पडते. आईनांतील विधानाचा उगम असल्याच स्थळांत असावा. आणि अशीं स्थळें नीट दिसतात तीं पाणी उतरलेल्या दिवसांत. म्हणजे अबुल फज्लास माहिती पुरविणारानें जें सांगितलें, तें उन्हाळी लोणार पाहणाऱ्याच्या तोंडचें आहे, असें आमचें अनुमान आहे.

चौथी गोष्ट सर्वांत चमत्कारिक भासते. बैलाच्या मुखाचा झरा म्हणजे विवराच्या कांठावरील गोमुखाची धार, हें स्थळ पाहतांच पटतें. परंतु धारेस बारमाही पाणी असतें, तें सोमवती अमावास्येची वाट पाहत नाहीं. मग हें विधान आलें कोठून? आमच्या मतें येथें पर्वाची नोंद पाण्याच्या नोंदींत मिसळली आहे. सोमवतीस धारेवर स्नानाचें पुण्य विशेष, आणि त्या दिवशीं वरचें तीर्थ खालच्या तीर्थास मिळतें, असें कोणी सांगितलें असेल. फारसी लेखकानें तो प्रत्यक्ष प्रवाह समजून टिपला. असा योग वर्षांतून बहुधा एकदोनदां येतो. तो फाल्गुनांत आला म्हणजे स्नानाचें पर्व वर्षप्रतिपदेच्या आदल्या दिवशींच पडतें. इ. स. २०२४ मध्यें ८ एप्रिलला सोमवती होती व ९ एप्रिलला पाडवा. अशा वर्षीं एका दिवशीं तीर्थस्नान व दुसऱ्या दिवशीं गुढी, कडुनिंब आणि पंचांगश्रवण असा क्रम येतो.

विष्णुगया हें नांवहि याच मालिकेंत बसतें. विवरांत रामगया नांवाचें देऊळ आहे, यावरून गयेची भावना येथें रुजलेली दिसते. वैशाखांतील अक्षय्य तृतीयेस वऱ्हाडांत पितरांच्या नांवें पाण्याची घागर देण्याचा प्रघात आहे. ज्या गांवीं खालीं न पिण्याजोगें पाणी व वर अखंड गोडी धार, तेथें पितरांस उदक देण्याच्या ह्या विधीस केवढें वजन येत असेल, हें सांगावयास नको. मधल्या काळांत चैत्री पौर्णिमेचा हनुमानजन्म येतो. गांवाजवळच्या अंबर तळ्याशीं मोठा मारुति आहे. त्याची मूर्ति निजलेली असल्यामुळें तें देवस्थान इतर मारुतींहून वेगळें उठून दिसतें. कमळजादेवीचा मोठा उत्सव मात्र आश्विनांतील नवरात्रांत असतो, तो ह्या ऋतूंत येत नाहीं.

सारांश, खार, गोडें पाणी, पर्व व पितर ह्या आईनांतील चारहि गोष्टी उन्हाळ्याच्या तोंडाशीं एकत्र येतात. त्या सुट्या वाचल्या तर विचित्र वाटतात, पंचांगावर मांडल्या तर एका गांवचें जीवन दिसूं लागतें.

त्या जीवनाचा एक धागा आतां तुटला आहे. खार काढण्याचा व्यापार बंद पडला. इ. स. २००० मध्यें विवराचा परिसर वन्यजीव अभयारण्य म्हणून जाहीर झाला, व इ. स. २०२० मध्यें सरोवरास रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाचें स्थान मिळालें. त्याच वर्षीं जून महिन्यांत पाणी गुलाबी झालें. पाणी आटून खारेपणा वाढल्यानें मिठांत वाढणारे सूक्ष्म जीव माजले, असें कारण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासांत निघालें. म्हणजे ज्या उन्हानें पूर्वीं पापडी धरे, त्याच उन्हाचा हा परिणाम होय. सरोवराचें रक्षण झालें ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु खार गोळा करणारा गेला म्हणजे त्याचे शब्दहि जातात, आणि शब्द गेले म्हणजे कागद मुका होतो. दल्ला व खुप्पल हीं नांवें ज्यास ओळखतां येत नाहींत, त्याच्या हातीं लोणारचा जमाखर्च आला तरी तो रद्दींत पडेल.

म्हणून वऱ्हाडांतील संग्राहकांस आमची विनंति आहे. मेहकर, सिंदखेड व लोणार ह्या बाजूच्या देशपांडे, सावकार व तीर्थोपाध्ये यांच्या घरचे रुमाल चाळतांना केवळ सनदा व वंशावळी वेगळ्या काढूं नयेत. फाल्गुन ते वैशाख ह्या महिन्यांच्या मित्या पाहाव्या. मालाचें नांव, माप, दर व तो कोणत्या गांवीं गेला, हीं चार कलमें जशींच्या तशीं, मूळ लेखनासह उतरून घ्यावीं. उपाध्यायांच्या वह्यांत सोमवतीच्या व अक्षय्य तृतीयेच्या यजमानांचीं गांवें असल्यास तींहि टिपावीं. मालाचे गांव व यजमानांचे गांव शेजारीं मांडले म्हणजे लोणारशीं कोणता मुलूख कशानें बांधलेला होता, हें आईनाच्या चार वाक्यांपेक्षां अधिक स्पष्ट होईल.