धुरळा तोच, आवाज कमी

धान घरात आले, मळणी उरकली, की भंडारा जिल्ह्यात पटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे, दिवस येतात. लाखनीचा शंकरपट त्यांतला नावाजलेला. धावपट्टीच्या दोन्ही अंगांना माणसाला माणूस चिकटलेला, भोंग्यावर जोडीमालकाच्या नावाचा पुकारा, धुरकरी लगाम सावरून तयार. जोडी सुटते आणि श्वास सोडायच्या आत खेळ आटोपतो. मागे राहतो तो धुरळा आणि सेकंदांवरून पेटलेला वाद.

या शर्यतीत इंजिन नाही. कानावर येते ती खुरांची धडधड, चाकांचा खडखडाट आणि हजारो घशांतून एकदम फुटलेली आरोळी. बैल गुपचूप पळतात म्हणून मजा येत नाही, अशी तक्रार आजवर कोणी केलेली नाही.

मैदानाबाहेर गाड्या लावलेल्या असतात, तिथे मात्र वेगळे शास्त्र चालते. बुलेटला ‘इंदोरी’ सायलेन्सर बसवायचा की ‘पंजाबी’, यावर तरण्या पोरांचे एकमत होत नाही. कंपनीचा मूळ सायलेन्सर घरच्या माळ्यावर धूळ खात असतो. तो लावला की गाडी ‘मेल्यासारखी’ वाटते. पेट्रोल तितकेच, वेगही जवळपास तितकाच. तरी गाडी मेली!

नेमकी हीच तक्रार सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतल्या मातीच्या ट्रॅकवर, कित्येक वर्षे चालू आहे. तिथली मोटारींची शर्यत आपल्या पटाची लांबची बहीणच म्हणावी. तिचे अनेक ट्रॅक मुळात जिल्ह्याच्या वार्षिक जत्रेच्या मैदानावर, घोडे पळवायला आखलेले. पुढे घोडे गेले, मोटारी आल्या, माती तीच राहिली. आयोवा राज्यातल्या नॉक्सव्हिलचा अर्ध्या मैलाचा ट्रॅक अशाच जत्रेच्या मैदानात आहे. तिथे 1961 पासून दर ऑगस्टमध्ये ‘नॉक्सव्हिल नॅशनल्स’ भरते. पेन्सिल्व्हेनियातला विल्यम्स ग्रोव्ह 1939 चा. तिथे धावणाऱ्या स्प्रिंट कारच्या पाठीवर भलामोठा पंख असतो, इंजिन सुमारे पावणेसात लिटरचे, ताकद नऊशे हॉर्सपॉवरच्या घरात आणि इंधन मिथेनॉल.

ट्रॅक बांधले तेव्हा आजूबाजूला शेते होती. मग गावे वाढत वाढत कुंपणाला येऊन भिडली. शनिवारी रात्री खिडक्यांची तावदाने थरथरू लागली, तसे अर्ज, सभा आणि खटले सुरू झाले. कॅलिफोर्नियातला पेटालुमा स्पीडवे तर भर वस्तीतल्या जत्रा-मैदानात आहे. त्या राज्यातल्या अनेक ट्रॅकवर मग नियम आला: शंभर फुटांवर आवाज 95 डेसिबलच्या वर जाता कामा नये. गाडीला मफलर, म्हणजे आपला सायलेन्सर, लावा, नाहीतर घरी जा.

प्रेक्षक यावर दुभंगले, आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. जुन्या दर्दी मंडळींच्या मते आवाज कानाने ऐकायचा नसतोच, तो छातीत घ्यायचा असतो. चोवीस गाड्या एकदम वळणात शिरतात तेव्हा बसायची फळी हादरते. ते हादरणे म्हणजेच तिकिटाचे पैसे वसूल. शिवाय त्यांचा एक रोकडा सवाल असतो: ट्रॅक आधी होता, तुम्ही नंतर घर बांधले, मग आवाज तुमच्यासाठी आम्ही का कमी करायचा? दुसरी बाजू मुलाबाळांना घेऊन येणाऱ्यांची. मफलर आल्यापासून निवेदकाचा शब्द कळतो, शेजाऱ्याशी बोलता येते, लेकरू रडत नाही. आणि या बाजूकडे हुकमाचा पत्ता आहे. मफलर न लावल्यास ट्रॅकला कुलूप लागणार असेल, तर कमी आवाजाची शर्यत बरी की शर्यतच नको? या सवालावर पहिल्या बाजूचे दर्दी बहुधा पुटपुटत का होईना, तिकीट काढतात.

मफलर नेमके करतो काय? सिलिंडरमधला स्फोट झाला, की दाबाखालचा तप्त वायू झडपेतून उसळून बाहेर पडतो. फटाका हाच. मफलरच्या पोटातले कप्पे आणि भोके या ध्वनिलहरींना मागे परतवून एकमेकींवर आपटवतात, त्यात त्या विरतात. काही मफलरांत काचलोकर भरून आवाज मुरवला जातो. अमेरिकेतल्या रीव्हज बंधूंनी 1897 मध्येच मफलरचे पेटंट घेतले होते. पुढे 1909 मध्ये हायरम पर्सी मॅक्सिमने बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळवले आणि तीच युक्ती मोटारीलाही लावली. त्याच्या बापाने मशीनगन शोधली होती. बापाने गोंगाट केला, लेकाने तो निस्तरला!

मफलरने गाडीची ताकद जाते, हा बुलेटवाल्यांचा आणि स्प्रिंट कारवाल्यांचा समाईक समज. वायूच्या वाटेत काहीतरी आडवे आले की थोडा विरोध होतो, हे खरे. पण नीट मापून बनवलेल्या मफलरमध्ये तो किरकोळ असतो. उलट कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली पोकळ नळी नुसती आवाज वाढवते, आणि कानाला तो आवाज म्हणजे वेग वाटतो.

ही फसगत सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाली ती फॉर्म्युला वनमध्ये. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 2011 ते 2013 अशा तीन शर्यती झाल्या, तिन्ही सेबास्टियन फेटेलने जिंकल्या. तिथे जाऊन आलेली माणसे आजही निकालाआधी आवाजाबद्दल सांगतात. ती इंजिने आठ सिलिंडरची, मिनिटाला 18,000 फेरे घेणारी. हिशोब केला तर सेकंदाला 1,200 स्फोट. 2014 मध्ये नियम बदलले: सहा सिलिंडर, टर्बो आणि विजेची जोड. नवे इंजिन 12,000 फेऱ्यांवर असताना सेकंदाला 600 स्फोट होतात, म्हणजे बरोबर निम्मे. दंडारीतल्या पेटीवाल्याला विचारा. कंपनसंख्या निम्मी झाली, की सूर अख्खे सप्तक खाली उतरतो. त्यातून टर्बोचे चक्र बाहेर पडणाऱ्या वायूचा जोर स्वतःसाठी शोषून घेते. मार्चमध्ये मेलबर्नला पहिली शर्यत झाली आणि प्रेक्षकांनीच नव्हे, आयोजकांनीही आवाजाबद्दल नाराजी बोलून दाखवली. मे महिन्यात मर्सिडीजने बार्सिलोनाच्या चाचणीत गाडीच्या शेपटीला चक्क कर्णा लावून पाहिला. उपयोग शून्य. अखेर 2016 पासून टर्बोला वळसा घालणाऱ्या वायूसाठी वेगळी नळी सक्तीची झाली, तेव्हा आवाज थोडा वाढला. आवाज कमी करायला नियम करणारे जग आवाज वाढवायलाही नियम करते, ते असे.

मग 11 फेब्रुवारी 2023 रोजी हैदराबादच्या हुसेनसागराकाठी फॉर्म्युला ई आली. विजेवरच्या गाड्या, धूर नाही, स्फोट नाही, नुसती शिट्टीसारखी सणसण. ज्याँ-एरिक व्हेर्न जिंकला. आवाज कमी असल्यामुळे ही शर्यत भर शहरात भरवणे सोपे जाते, हे तिच्यावर नाक मुरडणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. उलट 28 जानेवारी 2024 ला पुण्याच्या बालेवाडीत मातीच्या ढिगाऱ्यांवरून मोटारसायकली उडाल्या, त्या पूर्ण आवाजानिशी. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची ती पहिली फेरी होती.

बुलेटचे दुखणे याच जातीचे. जुने बिडाचे इंजिन सावकाश चालताना मिनिटाला हजारेक फेरे घेई, म्हणजे सेकंदाला आठेक स्फोट. प्रत्येक सुटा ऐकू येणारा. तोच तो प्रसिद्ध ‘धक धक’. 2010 च्या सुमाराला प्रदूषणाचे नियम कडक झाले, नवे इंजिन आले आणि आवाज मऊ पडला. तेव्हापासून दर नव्या मॉडेलला ‘आता पहिल्यासारखी नाही राहिली’ हे प्रमाणपत्र मिळते. हार्ले-डेव्हिडसनने तर आपल्या इंजिनाच्या आवाजाचाच ट्रेडमार्क मागितला होता. 1994 मध्ये केलेला तो अर्ज वर्षानुवर्षांच्या भांडणानंतर 2000 साली मागे घेतला.

हौस खरी, पण कान हे इंजिन नव्हे, ते पुन्हा बांधून मिळत नाहीत. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेच्या मते 85 डेसिबलचा आवाज फार तर आठ तास सोसावा. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. 100 डेसिबलला पंधरा मिनिटे, 115 ला जेमतेम अर्धे मिनिट. पितळेच्या भांड्यांसाठी नाव मिळवलेल्या भंडाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. आयुष्यभर पत्र्यावर हातोडा चालवणाऱ्याशी मोठ्याने बोलावे लागते.

ट्रॅकवर जाणारा निदान तिकीट काढून, हवे तर कानांत बोळे घालून बसतो. महामार्ग 53 वर, लाखनी-साकोलीच्या रस्त्याकडेला झोपलेल्या माणसाने मात्र कसलेच तिकीट काढलेले नसते. म्हणून दोन्ही आवाजांना एका मापाने मोजू नये. वस्तीत रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. 175 सीसीवरच्या दुचाकीला चाचणीत 80 पर्यंत मुभा आहे, आणि ‘फटाका’ सायलेन्सर लावला की दोन्ही मर्यादा हवेत.

राहिली गोष्ट शौकिनांच्या सहनशक्तीची. शंकरपटाने तर आवाजच नव्हे, अख्खा खेळच गमावला होता. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, 16 डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. धुरकऱ्याच्या हातातली टोचायची तुतारी आणि चाबूक नियमाने गेले. पट मात्र पुन्हा भरू लागले.

तेव्हा भाऊबीजेनंतर मंडईच्या जत्रेला किंवा पुढे पटाला बुलेटवरून निघणार असाल, तर माळ्यावरचा मूळ सायलेन्सर आधी खाली काढा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 (2) खाली पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, आणि लायसन्स तीन महिने जाते ते वेगळेच.