पिकअपचा टायर वाचायला शिकूया



आठवीच्या गणितात वर्तुळाचा परीघ शिकवताना आपण बांगडी, ताटली, सायकलचं चाक अशी उदाहरणं घेतो. या वेळी जरा मोठं चाक घेऊ. खेड्यातल्या आपल्या शाळांमध्ये बऱ्याच मुलांच्या घरी पिकअप असते. कांदा, भाजी, दूध, खताच्या गोण्या, सगळं त्यावरच. वर्षा-दोन वर्षांनी टायर बदलायची वेळ आली की घरात एकच चर्चा होते : "या वेळी दणकट घालू, ऑल टेरेन घालू." दणकट म्हणजे नक्की काय, हे मात्र जाड नक्षी बघूनच ठरतं. खरं तर टायर किती टिकेल आणि ओझ्याखाली दगा देईल का, याचं निम्मं उत्तर त्याच्या बाजूच्या भिंतीवर छापलेलं असतं. ते वाचायला यावं, एवढ्यासाठी हा लेख.

आधी नक्षीबद्दल, कारण डोळ्यांना तीच दिसते. पिकअपला साधारण तीन प्रकारचे टायर मिळतात. डांबरी रस्त्यासाठीचा एच/टी म्हणजे हायवे टेरेन, चिखलासाठीचा एम/टी म्हणजे मड टेरेन, आणि या दोघांच्या मधला ए/टी म्हणजे ऑल टेरेन. नक्षीत जितकी रिकामी जागा जास्त, तितका टायर मऊ मातीत रुततो आणि पकड घेतो. पण डांबरावर रस्त्याला टेकणारं रबर तितकंच कमी होतं. म्हणून जाड बटनांचा टायर पाणंद रस्त्यावर राजा असतो आणि ओल्या डांबरावर ब्रेक मारला की एच/टीपेक्षा सहसा लांब जाऊन थांबतो. शिवाय वजन जास्त, आवाज जास्त, डिझेलही थोडं जास्त. "ऑल टेरेन" म्हणजे सगळीकडे उत्तम असं नव्हे, सगळीकडे चालून जाईल असं. हा फरक मुलांनाही चटकन कळतो.

मग घ्यायचा कोणता? गाडी महिनाभरात कुठे किती किलोमीटर धावते ते वहीत मांडा. बाजार समितीपर्यंतचे चाळीस किलोमीटर डांबरी आणि शेतातले दोन कच्चे, असं असेल तर माझ्या मते सौम्य नक्षीचा ए/टी किंवा मालवाहू बांधणीचा एच/टीच बरा. खडीचा, फुटलेल्या काळ्या दगडाचा रस्ता रोजचा असेल तर ए/टीचे पैसे वसूल होतात, कारण त्याचं रबर कापलं जाऊ नये, तुकडे उडू नयेत अशा बेताने बनवलेलं असतं. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे दिसतात का, तेही बघा. अडकलेली खडी बाहेर ढकलायला ते असतात. ते नसले की खडी खाचेत बसते आणि प्रत्येक फेऱ्यात थोडी थोडी आत घुसत जाते. काळ्या मातीचं मात्र वेगळंच. ती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. खाचा भरून टायर गुळगुळीत रूळ होतो, मग ए/टी काय नि एम/टी काय. कडेच्या खाचा रुंद असतील तर चिखल थोडाफार फेकला जातो, इतकंच.

आता भिंतीवरचा मजकूर वाचू. समजा लिहिलंय : एलटी २१५/७५ आर १५, पुढे १००/९७ एस. २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिमचा व्यास, तोही इंचात! एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. एककं बदलण्याच्या सरावाला याहून चांगला नमुना शोधून सापडणार नाही.

मांडणी करू. भिंतीची उंची २१५ × ०.७५ = १६१.२५ मिमी. रिम १५ × २५.४ = ३८१ मिमी. भिंत वरही आणि खालीही, म्हणून व्यास ३८१ + ३२२.५ = ७०३.५ मिमी. परीघ ३.१४ने गुणून साधारण २.२१ मीटर. म्हणजे एक किलोमीटरला चाक सुमारे ४५२ वेळा फिरतं. मुलांकडून टायरवर खडूची खूण करून, गाडी ढकलून, टेपने मोजून घ्या. माप थोडं कमी भरेल. का, ते त्यांनाच विचारा. (वजनाने टायर खाली दबतो.)

आता हौसेने त्याच रिमवर २३५/७५ चढवला तर? व्यास ७३३.५ मिमी, म्हणजे सव्वाचार टक्क्यांनी जास्त. मीटरला मात्र चाकाचे फेरेच कळतात. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी साडेबासष्टच्या पुढे असेल. वर चाक मोठं झाल्याने ओढ कमी पडते, आणि वळवताना टायर मडगार्डला घासू शकतो. कंपनीने दिलेलं माप सोडू नये, असं मी म्हणतो ते यासाठी.

सगळ्यात महत्त्वाचे आकडे शेवटचे, आणि त्यांच्याकडेच कुणी बघत नाही. १००/९७ हा वजनाचा निर्देशांक. तो किलोंचा आकडा नव्हे. तक्त्यात १०० म्हणजे ८०० किलो, ९७ म्हणजे ७३० किलो. पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा मागे जोडचाक असेल तेव्हाचा. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा, तिचा आपल्याला फारसा उपयोग नाही. सुरुवातीच्या 'एलटी'चा अर्थ लाइट ट्रक, म्हणजे बांधणी मालवाहू गाडीची. ही दोन अक्षरं नसलेला, प्रवासी गाडीसाठी बनवलेला टायर त्याच मापाचा आणि थोडा स्वस्त मिळतो. रिमवर बसतोही छान, फोटोतही तसाच दिसतो. पण भरलेल्या गाडीखाली तो तितका वेळ टिकणार नाही.

समजा भरलेल्या पिकअपच्या मागच्या आसावर १८०० किलो येतात. दोन चाकं, प्रत्येकी ९००. निर्देशांक १०० चा टायर ८०० पेलतो, म्हणजे इथेच नापास. १०४ म्हणजे बरोबर ९००, काठावर पास. १०६ असेल तर ९५०, थोडी उसंत. आणि हे सगळं भिंतीवर लिहिलेल्या दाबाइतकी हवा असेल तरच. जादा पाटे टाकून घेतले की गाडी जास्त माल उचलते असं आपल्याकडे मानतात. पाटे उचलतात हो, पण टायरचा आकडा तेवढाच राहतो.

हवा कमी असली की नेमकं काय होतं? चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात भिंत दबते आणि पुन्हा सरळ होते. वर काढलं तसं किलोमीटरला ४५२ वेळा. तार वारंवार वाकवली की गरम होते ना, तसंच रबरही तापतं. हवा कमी आणि ओझं जास्त असेल तर दबणं वाढतं, उष्णता वाढते, आणि आतले पोलादी पट्टे रबरापासून सुटायला लागतात. बाहेरून काही दिसत नाही. मग एखाद्या उन्हाच्या दुपारी, वेगात असताना वरचा सगळा थर सोलून निघतो.

याचं जगाला माहीत असलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने तिथे सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातल्या एका प्रकाराचं नाव होतं 'वाइल्डरनेस एटी'. हे एटी म्हणजे आपलं ऑल टेरेनच. फोर्डच्या एक्सप्लोरर गाडीला ते बसवलेले असत, आणि ही गाडी रेंजर पिकअपच्या सांगाड्यावरून बेतलेली. वेगात टायरचा थर सुटायचा, गाडी उलटायची. अडीचशेहून अधिक माणसं गेली. टेक्सास, फ्लोरिडा, अॅरिझोना अशा उष्ण राज्यांत प्रमाण जास्त होतं. फोर्डने या गाडीसाठी फक्त २६ पीएसआय हवा सांगितलेली होती. दोन्ही कंपन्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं; सरकारी तपासात पट्ट्यांच्या कडेपासून थर सुटतात हे पुढे आलं. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि नव्या गाड्यांमध्ये हवेच्या दाबाचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची होण्याचा रस्ता तिथून खुला झाला. आपल्या जुन्या पिकअपमध्ये ती यंत्रणा नाही. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना, गेजने मोजायची. लाथ मारून नव्हे.

टायरचं वयही भिंतीवरच असतं. लांबट चौकटीतले चार आकडे शोधा. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रबर न वापरताही म्हातारं होतं, हवेतल्या ओझोनने आणि उन्हाने भिंतीला बारीक तडे जातात. नक्षी कितीही शिल्लक असो, दहा वर्षांनंतर टायर ठेवू नका असं बऱ्याच कंपन्या सांगतात. स्टेपनीलाही हेच लागू, आणि गावाकडे सगळ्यात म्हातारा टायर हमखास स्टेपनीच असतो. आयएसआयची खूणही बघा, आपल्याकडे ती सक्तीची आहे.

झीज मोजायला आगपेटीची काडी खाचेत उभी घाला, नखाने खूण करा, पट्टीवर मोजा. चारचाकीला १.६ मिमीच्या खाली नक्षी गेली की टायर कायद्याने बाद. खाचेच्या तळाशी आडवे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की समजायचं. पावसात मात्र तितकी वाट बघू नये. पाणी बाहेर काढायला खाचच उरली नाही तर चाक पाण्यावर तरंगतं. आडाला दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच बांधणीचे हवेत, आणि दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे. आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे केले की झीज सारखी राहते.

दुकानात गेल्यावर टायर रिमवर चढवण्याआधी हे आकडे वाचा. दुकानदार म्हणेल, "घ्या हो, चालतंय." तरी खाली बसून, हवं तर मोबाईलचा उजेड पाडून, निर्देशांक आणि तारीख बघाच. एकदा चढवलेला टायर परत घ्यायला कुणी राजी होत नाही. मुलांना सोबत न्यायला हरकत नाही. तारखेचे आकडे शोधण्यात ती आपल्यापेक्षा पटाईत असतात.