सुक्या मासळीच्या पिशवीवरील आवश्यक मजकूर

कोकण किनाऱ्यावर जवळा, सोडे व बोंबील पिशव्यांत भरून विकण्याचा धंदा अनेक महिला गट करितात. अशा बंद पिशवीवर वजन व किंमत छापली म्हणजे काम संपले, असा समज आढळतो. तो बरोबर नाही.

काही माणसांना बोंबील सोसतो, पण कोळंबी सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, ओठ व घसा सुजतो, प्रसंगी श्वास कोंडून प्राणावर बेतते. यास बहुधा कारणीभूत असलेले ट्रोपोमायोसिन हे प्रथिन शिजविल्यानेही नाहीसे होत नाही. जवळा मासळीबरोबर विकला जात असला तरी तो कोळंबीच्याच जातीचा कवचधारी जीव होय. तेव्हा पिशवीवर नुसते ‘सुकी मासळी’ लिहिणे धोक्याचे आहे.

अन्नसुरक्षेच्या २०२० च्या लेबलविषयक विनियमांनुसार मासे व कवचधारी प्राणी यांचा ‘यात अमुक आहे’ असा वेगळा उल्लेख करावा लागतो. मजकूर इंग्रजीत अथवा देवनागरी हिंदीत असावा. जोडीला मराठी अवश्य द्यावी, कारण गिऱ्हाईक तीच वाचते. कोळंबी काळी पडू नये म्हणून वापरलेल्या सल्फाइटचे प्रमाण किलोमागे १० मिलिग्रॅम वा अधिक असल्यास तेही नमूद करावे; दम्याच्या रोग्यास ते बाधू शकते.

एकाच जाळीवर जवळा व बोंबील वाळवीत असल्यास बोंबलाच्या पिशवीवर ‘यात कवचधारी प्राण्यांचा अंश असू शकतो’ असे लिहावे. जाळ्या व तराजू निराळे ठेवणे अधिक बरे. टोपलीतून सुट्या विकल्या जाणाऱ्या ताज्या मासळीस हे लेबल लागत नाही.